माझी वाचायची पाळी

आधी किल्लीवाल्या आजींचं सांगते, मग बाकीचं. नाहीतर रागाच्या भरात त्यांचं राहूनच जाईल, आणि ते मला चालणार नाही.

त्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. जपानी. वय ऐंशीच्या आसपास, कमरेत वाकलेल्या, पण चालणं माझ्यापेक्षा भरभर. इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या वसाहतीच्या कम्युनिटी हॉलची किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून आम्ही मराठी बायका त्यांना किल्लीवाल्या आजी म्हणायचो. मोठ्या भूकंपात अणुभट्टी फुटल्यावर फुकुशिमाकडच्या त्यांच्या गावात राहायला बंदी आली आणि त्यांना इथे घर मिळालं, एवढंच आम्हाला माहीत होतं. मी नवीन होते तेव्हा चुकीच्या दिवशी कचरा ठेवला, तर पिशवी लाल चिठ्ठीसकट माझ्या दाराशी परत आली. चिठ्ठी वाचता येईना. मी रडकुंडीला येऊन उभी, तर या आजींनी पिशवी सोडली, माझ्या कचऱ्यात स्वतःचा हात घातला आणि एकेक वस्तू वेगळी करून दाखवली. हे जळणारं, हे न जळणारं, हे धुऊन ठेवायचं. रागाचा एक शब्द नाही. त्यानंतर मी दिसले की त्या विचारायच्या, "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना? मी म्हणायची, "दाइजोबु." दरवेळी ते खरं नसायचं.

त्या रविवारी मात्र मी त्यांना खरं सांगितलं. त्या दिवशी त्या नसत्या तर मी बहुधा त्या हॉलची पायरी पुन्हा चढले नसते.

माझं गाव भोरच्या पुढे, घाटमाथ्याजवळ. सगळी भातशेती. लावणीच्या दिवसांत आम्हा पोरींची शाळा तीन-तीन आठवडे बुडायची, आणि नववीत बुडाली ती कायमचीच. कुणी बळजबरी केली नाही. आईचा हात मोडला होता, रोपं तयार होती, मग गौरी आल्या, मग शाळेत जायची लाज वाटायला लागली, बस. नवरा शेजारच्या गावचा, वसतिगृहात राहून इंजिनिअर झालेला. त्याला माझी नववी ठाऊक होती आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं. पण जपानला आल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "तुझं शिक्षण काय गं?" समोर सगळ्या बी.ई., एम.सी.ए., कुणी सी.ए. माझ्या तोंडून निघून गेलं, "बी.ए." विषय कुणी विचारला नाही हे नशीब. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला बोललीस? आता सांभाळ." तेव्हापासून मी ते सांभाळत होते. कुणी इंग्रजी कागद पुढे केला की माझा चष्मा घरी राहिलेला असायचा. मला चष्मा नव्हताच.

हे फक्त एका माणसाला माहीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या ताईला.

ताई पुण्याची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, स्वतः कंपनीत नोकरी करणारी. तिला इंग्रजी फाडफाड यायचं आणि जपानी अजिबात नाही. माझं उलटं. मी डबे भरायच्या कारखान्यात अर्धा दिवस बाइतो करायची, म्हणजे आपलं पार्टटाइम, आणि तिथल्या बायकांच्या तोंडून ऐकून ऐकून मला बोलायला यायला लागलं होतं. तिच्या लेकीला पाळणाघरातून मी आणायची. तिच्याबरोबर दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात मी जायची. एकदा असंच परत येताना मी तिला माझी नववी सांगून टाकली. ती म्हणाली, "वेडी आहेस का, यात लपवण्यासारखं काय आहे? पण तुझी इच्छा. माझ्याकडून कुणाला कळायचं नाही." मला इतकं हलकं वाटलं होतं.

आता ती पाळी काय होती ते सांगते. महिन्यातून एका रविवारी दुपारी हॉलमध्ये आम्ही सगळे मिळून सिनेमा बघायचो. एकदा हिंदी किंवा मराठी, एकदा परभाषेतला. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सगळ्यांचे आई-बाबा, सासू-सासरे पुढच्या रांगेत बसायचे. खाली येणारं इंग्रजी त्यांना झेपायचं नाही. म्हणून एकजण पडद्याच्या कडेला बसून ते मराठीत मोठ्याने वाचायची. यादी ठरलेली, चक्राकार. जिची पाळी, तिचा त्या दिवशी मान. सिनेमा संपला की आजी-आजोबा तिच्याभोवती गोळा व्हायचे, "छान वाचलंस हो बाळ."

माझी पाळी आली तेव्हा सिनेमा निघाला बंगाली. कुणाच्या तरी ओळखीतल्या त्सुकुबाच्या एका बंगाली शास्त्रज्ञाने डिस्क दिली होती. नाव इथे लिहीत नाही, सिनेमाचा त्यात काही दोष नाही. मी ताईकडे धावले. "मी आजारी पडते त्या दिवशी."

"किती वेळा आजारी पडशील? आपण आधी माझ्याकडे बघू. मी थांबवत थांबवत सांगते, तू मराठीत लिहून घे. त्या दिवशी वही बघून वाच. कुणाला काय कळतंय?"

तीन शनिवार आम्ही बसलो. तिची लेक शेजारी चित्रं रंगवायची आणि दर पाच मिनिटांनी जपानीत विचारायची, "झालं का?" ताई म्हणायची, "मराठीत विचार," की ती मराठीत गप्प.

सिनेमा साधाच होता. नदीकाठचं गाव, एक विधवा बाई, तिचं एकच शेत. नदी दरवर्षी काठ खात खात जवळ येतेय. तळ्यातली कमळं, म्हशीच्या पाठीवर बगळा, वाऱ्याने झोपणारं पांढरं गवत, आणि कितीतरी वेळ कुणी बोलतच नाही. ताई कंटाळायची. "इथे डायलॉग नाहीये, पुढे घेते."

"थांब ना. तिथे होतंय काहीतरी."

"काय होतंय? बाई बसलीय नुसती."

"नुसती कुठे बसलीय? माती हुंगतेय. ओल कुठवर गेलीय ते बघतेय. आता बघ, उठेल आणि बांध फोडेल."

ती बाई उठली आणि तिने बांध फोडला. ताई माझ्याकडे बघतच राहिली. "तुला बंगाली येतं काय गं?"

मला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. पण ती बाई काय करत होती ते सगळं येत होतं. मग मी वहीत न बोललेलंही लिहायला लागले. वर्षानुवर्षं न लिहिलेले शब्द हाताखाली यायला लागले. खाचर, चिखलणी, लावणीच्या रोपांना म्हणतात ते आवण, रोपांची जुडी म्हणजे मूठ. एका ठिकाणी सगळ्या बाया त्या विधवेच्या शेतात लावणीला येतात. ताई म्हणाली, "लिही, सगळे मदतीला आले."

"मदत नाही ताई, सावड आहे ही. आज सगळ्या हिच्या शेतात, उद्या ही त्यांच्या. बघ, ती दारात उभी राहून प्रत्येकीचं तोंड नीट बघतेय. कुणाकुणाची फेडायची ते लक्षात ठेवतेय."

"असलं काही खाली लिहिलेलं नाहीये."

"नसू दे."

"बरं बाई, लिही तुझी सावड." ती हसली. मीही हसले. खरं सांगते, तेवढा सुखाचा काळ मला जपानमध्ये आधी मिळाला नव्हता. मी घरी जाऊन स्वयंपाक करता करता वही मोठ्याने वाचायची. नवरा म्हणायचा, "रेडिओवर घेतील तुला."

सिनेमाच्या आदल्या गुरुवारी ताईच्या सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांचं आल्याआल्या सुरू झालं होतं, घरात काही शिजत नाही, पोरीला मराठी येत नाही, सून बारा तास कॉम्प्युटरपुढे. ताईचा चेहरा उतरलेला. शनिवारी ती म्हणाली, "शेवटची दहा मिनिटं राहिलीत ना लिहायची? वही माझ्याकडे दे, मी टाकते लिहून. उद्या हॉलमध्येच देते." मी दिली. तिच्या डोक्यावर एवढं सगळं असून ती माझं काम करतेय, म्हणून चार डिंकाचे लाडूही दिले.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. आजींनी हॉल उघडून पडदे ओढले होते आणि नेहमीप्रमाणे दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या, शेवटी कुलूप लावायला. ताई वाचायच्या खुर्चीजवळ उभी होती. हातात माझी वही. मी जवळ जाऊन हात पुढे केला.

तिने तो हात धरला. धरूनच ती सगळ्यांकडे वळली आणि म्हणाली, "आज पाळी हिची आहे, पण मी वाचते. हिला टेन्शन नको. हिचं शिक्षण नववीपर्यंतच झालंय ना, इंग्लिश नाही जमत तिला. पण बघा हं, तरी किती धीराने राहते इथे! टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच मला अजून सहन होत नाही. कुणी हसलं असतं तर मी भांडले असते. जिने मला पहिल्या हळदीकुंकवाला शिक्षण विचारलं होतं ती म्हणाली, "अगं, पण तू तर बी.ए. म्हणाली होतीस?" पुढे कुणीतरी तिला "शूऽ" केलं. ते "शूऽ" मी ऐकलं. मी मागे जाऊन बसले.

ताईने वाचायला सुरुवात केली. सुरेख वाचत होती, आवाज चांगला आहे तिचा. पण शब्द माझे होते. "ती माती हुंगते. ओल अजून खालपर्यंत गेलेली नाही." हे खाली इंग्रजीत कुठेच नव्हतं. पुढच्या रांगेतले एक कोकणातले आजोबा, मोतीबिंदूमुळे पडदा धड न दिसणारे, एकदम म्हणाले, "वा! आवण! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. तुला गं कसा माहीत, पुण्याच्या मुलीला?"

आता सांगेल, मला वाटलं. आता तरी.

"वाचनात येतं हो आजोबा," ताई म्हणाली.

तिच्या सासूबाईंनी मान वळवून शेजारणीकडे बघितलं. "वाचन पहिल्यापासून आहे हो तिचं," म्हणाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या बाई हसल्या असतील.

तेव्हा मला कळलं की हे माझ्या टेन्शनसाठी नव्हतं. वही बघून वाचायला इंग्रजी लागतं कुठे? मी उठले आणि बाहेर पॅसेजमध्ये, चपला काढतात तिथे, कपाटाशी तोंड करून उभी राहिले. सासूला खूश करायला तिला काहीतरी हवं होतं, ते मी समजू शकते. ती मागती तर मी वही दिली असती. पाळीही दिली असती. पण वही घेतली, आणि मी मागायला जाऊ नये म्हणून आधी माझं तोंड बंद केलं.

"दाइजोबु?"

आजी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. मी "दाइजोबु" म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं दुसरंच. म्हटलं, दाइजोबु नाही. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. मी खोटं बोलले. शाळा नववी. मैत्रिणीने सगळ्यांना सांगितलं. ती वही माझी.

आजींनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "नववी म्हणजे? इथल्या चुगाक्कोइतकी?" इथे चुगाक्को, म्हणजे माध्यमिक शाळा, नववीलाच संपते. म्हटलं, संपलीही नाही, मधेच सोडली. "मी चुगाक्कोच," त्या म्हणाल्या. "नंतर शेत. कुणी विचारलं तर सांगते, चुगाक्को आणि शेत." असं म्हणाल्या, जसं कुणी आपलं आडनाव सांगावं.

मग त्यांनी माझी बाही धरली. "आत चल. मला काही कळत नाहीये. ती नदी काय करतेय, मला सांग."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी ओढतच नेलं आणि दाराशी स्वतःच्या खुर्चीला खुर्ची लावून मला बसवलं. मी त्यांच्या कानाशी लागून सांगायला लागले. माझं जपानी कारखान्यातलं. कापा, भरा, झाकण लावा, लवकर. तेवढ्याच शब्दांत मी अख्खा सिनेमा बसवला. "नदी शेत खाते," म्हटलं. आजींनी मान हलवली. "आमचं कुणी खाल्लं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तिथेच आहे. फक्त जाता येत नाही. गवत माणसाएवढं झालंय म्हणतात."

मधे एकदा भूकंपाचा हलका धक्का आला, दिवे हलले. सगळ्यांनी वर बघितलं, एका नवीन आलेल्या आजीने देवाचं नाव घेतलं, थांबलं, सगळे परत पडद्याकडे.

पडद्यावर बाया रोपांच्या मुठी बांधत होत्या. आजींनी मांडीवर दोन बोटं ठेवून काडीचा पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. मी माझा दाखवला. पीळ उलट्या बाजूचा होता, बाकी तोच. मग सगळ्या विधवेच्या शेतात उतरल्या आणि तिकडून ताईचा आवाज आला, "सगळ्या सावडीला आल्या." आजींना हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. म्हटलं, "आज सगळ्या हिच्याकडे. उद्या ही सगळ्यांकडे. पैसे नाहीत."

"युई," आजी म्हणाल्या.

"काय?"

"युई. आमच्या गावात याला युई म्हणतात." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "माझी तीन घरांची फेडायची राहिलीय. मार्चमध्ये भूकंप झाला. मेमध्ये लावणी होती."

सिनेमाच्या शेवटी नदी त्या बाईचं शेत नेते. पुढच्या वर्षी तिच्याकडे काही उरलेलं नसतं, तरी लावणीच्या सकाळी ती पदर खोचून शेजारणींच्या शेतात जाऊन उभी राहते. कुणी काही बोलत नाही. एकजण सरकून तिला ओळीत जागा देते. ही ती शेवटची दहा मिनिटं. ताईने ती लिहिलीच नव्हती. डायलॉग नाही म्हणून तिने वही मिटली आणि पुढे सगळे चुळबुळत राहिले, कुणी चहाचे कप मोजायला उठलं. आजी आणि मी तेवढ्या हललो नाही.

सगळं आवरल्यावर ताई वही घेऊन माझ्याकडे आली. चेहरा फुललेला. "घे गं. किती मस्त झालं ना? आईसुद्धा खूश. तू रागावली नाहीस ना? एकदा कळलेलं बरं असतं, बघ. आता तुला कायमची धाकधूक नाही."

"मी वाचलं असतं ताई. माझं पाठ होतं."

"अगं, मधेच अडखळली असतीस तर? तुझ्याच भल्यासाठी केलं मी."

"आणि आवण तुझ्या वाचनात कुठे आलं?"

तिने वही माझ्या हातात कोंबली. मग म्हणाली, "एका शब्दावरून काय धरून बसतेस!" आणि लेकीला हाक मारत निघून गेली.

त्यानंतर बायका माझ्याशी फार चांगलं वागायला लागल्या. सावकाश बोलायच्या. "तू राहू दे, आम्ही करतो," म्हणायच्या. वाचायची यादी नवी झाली, त्यात माझं नाव नव्हतं. कुणी काढलं, कळलं नाही. कदाचित सगळ्यांनाच वाटलं असेल की माझ्या भल्याचं आहे. ताईच्या लेकीला मी महिना संपेपर्यंत पाळणाघरातून आणत राहिले, पोरीचा काय गुन्हा? पण पहिल्या तारखेला ताईला सांगितलं, उद्यापासून जमणार नाही. आमच्यातली सावड तिथे मोडली. वर्षभराने तिच्या नवऱ्याची ओसाकाला बदली झाली. जाताना ती मला मिठी मारून रडली. मलाही रडू आलं, पण कशाचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुढच्या सिनेमांना मी दाराशीच बसले, आजींच्या शेजारी. पुढे ताई किंवा आणखी कुणी मराठीत वाचायची, मागे मी एका माणसासाठी जपानीत. कुणी शिक्षण विचारलं की मी सांगते, नववी आणि शेत. अजून सोपं जात नाही, पण सांगते.

आजी आता इथे नाहीत. गुडघे गेले म्हणून मुलीने त्यांना त्सुकुबाला नेलं. मला कार्ड पाठवतात. सगळं सोप्या लिपीत, इथे लहान मुलांसाठी लिहितात तसं, मोठ्या अक्षरात, कारण मला तेवढीच वाचता येते हे त्यांना माहीत आहे. कार्ड मी स्वतः वाचते, कुणाला दाखवावं लागत नाही. मागच्या कार्डात होतं की बाल्कनीत दोन बादल्यांमध्ये भात लावलंय, आणि गावची बंदी थोडीथोडी उठतेय, पण त्यांच्या शेताकडची अजून नाही.

आजी, मला काळजी वाटते की उशीर होईल. तरी लिहून ठेवते. ज्या वर्षी तुमचं शेत उघडेल त्या वर्षी मेमध्ये मी येईन, मुठी बांधायला आणि लावणीला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि तुमचे गुडघे नाही म्हणाले, तर ज्या तीन घरांची फेडायची राहिलीय ती घरं मला सांगा. त्यांच्या बांधावर जाऊन तुमच्या जागी मी उभी राहीन.